गार पाण्याचं वळण

"आणि या वळणावर एक नळ आहे, तिथे कॅन भरून घेऊ. पाणी गार असतं," बायको म्हणाली, आणि नकाशावरचं बोट न उचलता दुसऱ्या हाताने तिने गॅस बारीक केला.

तो म्हणाला, "बरं."

झालं ते एवढंच. दूध उतू गेलं नाही, भांडं पडलं नाही, खालच्या मजल्यावरच्या माणसाने छताला काठी ठोकली नाही. पण त्या 'बरं'नंतर त्याच्या पोटात काहीतरी खाली सरकलं, आणि हे सरकणं त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं, कारण तो लिफ्टचा तपासनीस होता. लिफ्ट थांबल्यावर, दार उघडायच्या आत, कधीकधी पेटी बोटभर खाली बसते. आतल्या माणसांना ते कळतही नाही. ती घड्याळ बघतात, पिशवी या हातातून त्या हातात घेतात. त्याच्या टाचांना मात्र कळतं. ब्रेकचं अस्तर झिजलं की असं होतं. आज बोटभर, उद्या वीतभर, आणि परवा पेपरात बातमी. अहवालात तो त्याला 'थांब्यानंतरची घसरण' म्हणतो. आत्ता ओट्याला टेकून, हातात सोललेला कांदा घेऊन उभा असताना त्याला तेच जाणवलं. बायकोचं बोट नकाशावरून पुढे निघालं होतं, एका तळ्याच्या काठाने.

चुकलं ते त्या 'बरं'मध्येच. जो माणूस त्या रस्त्याने जन्मात कधी गेलेला नाही, त्याने काय म्हणायला हवं होतं? 'तुला काय माहीत?' म्हणायला हवं होतं. 'डोंगरात कुठला आलाय नळ?' म्हणायला हवं होतं. 'आता पाण्याची चवसुद्धा नकाशात छापतात वाटतं' असं काहीतरी पाणचट बोलला असता तरी निभावलं असतं. अशी तीन-चार वाक्यं दारात रांग लावून उभी होती, आणि त्यांना कोपराने ढकलून हे 'बरं' पुढे घुसलं; तेही कसं, तर आपल्या ओळखीच्या माणसाबद्दल कुणी चांगलं बोललं की आपण मान हलवतो तसं. कारण नळ होता. पाणी गार होतं. इतकं गार, की दातांच्या मुळाशी कळ उठायची आणि तरी ओंजळ पुन्हा पुढे जायची. हे त्याला माहीत होतं, आणि माहीत असायचं त्याला काही कारण नव्हतं. चार वर्षांपूर्वी तो तीन दिवस ऑफिसच्या प्रशिक्षणाला गेला होता असं या घरात धरून चालतात. त्या तीन दिवसांतला मधला दिवस त्याने त्या नळापाशी काढला होता. एकट्याने. बरोबर एखादी बाई असती तर एकवेळ बरं झालं असतं. त्या गुन्ह्याला नाव आहे, त्यावर भांडता येतं, रडता येतं, मध्ये चार माणसं घालता येतात. एकटाच गेलो होतो, मासा खाल्ला आणि झोपलो, याला काय नाव द्यायचं?

त्या वेळी मागच्या खोलीत सासूबाई होत्या. आठ महिने होत्या. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं. राहिला होता तो डावा हात आणि त्या हातातला चमचा. काही हवं असलं की त्या चमचा पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायच्या. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे कूस बदला, आणि तिसऱ्या प्रकाराला मोजमाप नव्हतं, तो नुसता वाजत राहायचा. बायकोने नोकरीवरून रजा घेतली होती. ती भिंतीला टेकून उभ्या उभ्या डोळे मिटायची आणि पहिल्याच टणत्काराला मिटल्या डोळ्यांनीच चालू लागायची. तो काही करत नव्हता असं नाही. उचलायचा, पुसायचा, चादरी धुवायचा. शेजारी म्हणायचे, जावई असावा तर असा. मग एके दिवशी एका अकरा मजली इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा राहून तो दोर तपासत असताना खाली अंधारात लोखंडावर लोखंड वाजलं आणि तो म्हणाला, "आलो, आई." बरोबरचा मेकॅनिक त्याच्याकडे बघत राहिला. त्या संध्याकाळी त्याने घरी सांगितलं की नवे नियम आलेत, तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे, टाळता येत नाही. ती म्हणाली, "जा." आणि दोन पावलं जाऊन मागे वळून म्हणाली, "डबा देऊ?" बाकी सगळं एकवेळ विसरता येईल. तो डबा त्याने नेला होता.

"लिहून घे," बायको म्हणाली. हल्ली रोज संध्याकाळी हेच चाललं होतं. पाच दिवस, चार रात्री. लग्नानंतरची पहिली लांबची सफर. नकाशा तिच्या ऑफिसातला, चारी कोपऱ्यांवर मिठाची बरणी, टॉर्च, तिचा चष्मा आणि त्याची चहाची कपबशी. ती सांगायची, तो लिहायचा. कंदील. काडेपेट्या दोन, एक कोरड्या डब्यात. (तिने मुद्दाम म्हटलं असेल का? ती नळाचं बोलली तेव्हा माझ्याकडे बघत होती की नकाशाकडे?) दोरी, वीस हात. पहिला मुक्काम तळ्याकाठी, तिथे ताजा मासा कोळशावर भाजून देतात, वर नुसतं मीठ आणि लिंबू. (देतात. एक जाडी बाई देते, तिला एक डोळा कमी दिसतो, ती काटे काढून देते. हे मी मनात म्हणालो ना? तोंडाने नाही ना म्हणालो?) अंथरायला जाड कापड. तिसऱ्या दिवशी पठारावर मध मिळतो, आणि एका घरात सकाळीच गेलं तर भट्टीतला गरम पाव आणि बकरीच्या दुधाचं चीज. (तिथपर्यंत मी गेलो नव्हतो. तिथलं मला खरंच माहीत नाही. निदान या पावाबद्दल तरी विचारावं, खरं अज्ञान दाखवायची संधी आहे.)

"तुला काय माहीत, पाव मिळतो?" त्याने विचारलं.

"पुस्तकात आहे," ती म्हणाली. "आणि पावाचं बरं विचारलंस."

पावाचं बरं विचारलंस. म्हणजे काय? म्हणजे नळाचं विचारलं नाहीस? की म्हणजे, पावाचं विचारलंस ते बरं झालं, कारण पाव सकाळी सातच्या आत घ्यावा लागतो? ती पुढे हेच सांगत होती, सातनंतर संपतो म्हणून. त्याने लिहिलं: पाव, सातच्या आत.

हे पुस्तक म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. बायको नोकरीला होती ती रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या मदत-केंद्रात. कानाला फोन लावून आठ तास बसायचं. कुठेतरी कुणाची तरी गाडी बंद पडते आणि तो माणूस केंद्राला फोन लावतो. त्याला बिघाड सांगता येतो, गाडीचा नंबर सांगता येतो, पण आपण कुठे आहोत हे काही केल्या सांगता येत नाही. डोंगरात तर फोनवरचा नकाशाही हात वर करतो. मग या बायका त्याला विचारतात, समोर काय दिसतंय? आणि तो सांगतो: पिवळी भिंत, तुटका पूल, शेळ्या, एक बंद दुकान. या सगळ्या खुणा वर्षानुवर्षं एका जाडजूड पुस्तकात रस्त्यारस्त्याप्रमाणे लिहिलेल्या असतात, आणि त्यांवरून मेकॅनिकला धाडता येतं. बायको गमतीने म्हणायची, "सगळे रस्ते डोक्यात आहेत, पायाखाली एक नाही." तेव्हा नळ पुस्तकातून आला असणार. सरळ आहे. कुणीही इथे सुटकेचा श्वास टाकला असता आणि कांदा चिरायला घेतला असता. पण तो नळ पुस्तकात कुणी घातला, हे त्याला माहीत होतं.

त्यानेच घातला होता. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वळणावर गाडीचा पट्टा तुटला. पुढच्या काचेवर बायकोने स्वतःच्या हाताने चिकटवलेला कागद होता, त्यावर नंबर होता, आणि त्याच्या बोटांनी तो लावलासुद्धा. जगात मदत करणारी दुसरी माणसं नव्हती का? होती. पण आपल्या बायकोच्या ऑफिसात फोन करून आपली चोरी स्वतःच नोंदवून ठेवायची अक्कल आपल्याला त्या क्षणी कुठून सुचली, हे कोडं त्याला चार वर्षांत सुटलं नव्हतं. ती रजेवर आहे, उचलणार नाही, एवढा हिशेब मनाने कुठेतरी केला असावा. उचलला तो दुसऱ्याच बाईने. गाडीचा नंबर? सांगितला. बिघाड? सांगितला. समोर काय दिसतंय? आणि इथे तो सुटला. आदल्या रात्री तो गाडीतच सलग नऊ तास झोपला होता, आठ महिन्यांत पहिल्यांदा. अंगात काहीतरी चढल्यासारखं झालं होतं. नळ दिसतोय, म्हणाला. गार पाणी आहे. बाई, तुम्हाला सांगतो, इतकं गार पाणी मी आयुष्यात प्यायलो नाही. दरी आहे, दरीत ढगाची सावली चाललीय. आणि तो हसला होता. त्यानंतर मेकॅनिक येईपर्यंतच्या दोन तासांत बायकोचा फोन आला होता: आई पलंगावरून पडली, वॉचमनला बोलावून उचललं, तू कधी येतोस. तो म्हणाला, वर्गात आहे, नंतर करतो. ती म्हणाली, "पाण्याचा आवाज कसला?" तो म्हणाला, इथे टाकी साफ करतायत.

तेव्हा प्रश्न उरला तो एकच, आणि तो कांद्यासारखा सोलत गेला तरी एकच राहिला. ती फक्त पुस्तकातली खूण वाचते आहे, की ती खूण सांगणारा माणूस तिला माहीत आहे? हे तिला विचारता येत नव्हतं. विचारायची वेळ होती ती 'बरं' म्हणायच्या आधीचा एक क्षण, आणि तो गेला. आता काहीही विचारलं तरी त्याला संशयाचा वास येणार. आणि विचारलं नाही तर येत्या महिन्यात त्या वळणावर तिच्याबरोबर उभं राहायचं, कॅन नळाखाली धरायचा, आणि पहिल्यांदाच पीत असल्यासारखं पाणी प्यायचं, तिच्यासमोर, जिचा कान आठ-आठ तास माणसांच्या आवाजातली भीती, दारू आणि खोटेपणा वेगळा करत बसलेला असतो. बारा वर्षांचा संसार होता. मूल नव्हतं, कर्ज नव्हतं, भांडण नव्हतं. एकमेकांवर डोळे मिटून भरवसा ठेवतात अशी या दोघांची ख्याती होती, आणि त्या ख्यातीत तो आजवर भाडेकरूसारखा राहत आला होता.

रविवारी मेहुणा तंबू घेऊन आला. बायकोचा धाकटा भाऊ; फर्निचर पोचवणाऱ्या टेम्पोचा ड्रायव्हर, जिथे जाईल तिथे जरा जास्तच जागा व्यापणारा. तंबूचं गाठोडं सोफ्यावर टाकून त्याने पाय पसरले.

"दाजी, तुम्ही आणि तंबूत? पाठीचं काय करणार?"

"पाठीला काय झालंय?"

"नाही, तुम्ही आपले लिफ्टमधले. वर, खाली. तंबूत आडवं व्हावं लागतं." तो स्वतःच हसला. "का गाडीतच झोपायची सवय आहे?"

"गाडीत कोण झोपतं?" तो म्हणाला, जरा घाईनेच.

"आम्ही झोपतो की. टेम्पोत. का हो, असे का बघताय?"

"त्याला छळू नकोस," बायको आतून म्हणाली. "चहा घे आणि खुंट्या मोजून दे. मागच्या वेळी तीन कमी होत्या."

"ताई, तू कधी मोजल्यास मागच्या वेळी?"

"माझं मला कळतं कुणी काय ठेवलंय आणि काय नाही."

मेहुण्याने डोळे मिचकावले, दाजींनी कपात बघितलं. सासूबाई पडल्या त्या दिवशी हा मेहुणा कुठे होता? परगावी, टेम्पो घेऊन. याला काही माहीत नसणार. पण 'गाडीत झोपायची सवय' हे शब्द याला सुचले कसे? बहिणीने कधी काही बोलून ठेवलं असेल. बहीणभाऊ फोनवर तासभर बोलतात, बोलतात काय एवढं? मनात चोर असलेल्या माणसाशी मग प्रत्येक वस्तू बोलायला लागते. काचेवरचा तो मदत-केंद्राचा कागद ऊन खाऊन पांढरा पडला होता. बायकोने याच आठवड्यात नवा आणून चिकटवला होता. प्रवासाला जातोय म्हणून चिकटवला असेल, दुसरं काय. तरी दुसरं काय, दुसरं काय, असं करत तो दोनदा गाडीपाशी जाऊन आला.

अखेर त्याने ते केलं जे त्याच्या धंद्यातल्या माणसालाच सुचावं. मदत-केंद्र ज्या इमारतीत होतं तिच्या लिफ्टची वार्षिक तपासणी त्याच्या यादीत होती, तारखेला अजून दोन महिने होते. त्याने ती अलीकडे ओढली. बायकोची पाळी दुपारची, म्हणून सकाळी दहाला गेला. काम त्याने चोख केलं, उगाच नाही. वजनं चढवली, आणीबाणीचं बटण दाबलं, टपावर चढून दोराची एकेक लड बोटांनी चाचपली, खड्ड्यात उतरून स्प्रिंगला तेल आहे का ते बघितलं. लिफ्ट निर्दोष होती. अशी लिफ्ट वर्षात एखादी सापडते. मग फॉर्मवर सही घ्यायला तो तिसऱ्या मजल्यावर गेला आणि जिने सही केली ती चष्मेवाली त्याला बघून उठलीच.

"अगंबाई, तुम्ही होय. आमच्या बाईंचे मिस्टर ना? बसा, चहा सांगते."

त्याने मान हलवली. तिचा कानाला लावायचा फोन गळ्यात लोंबत होता. इथल्या बायका एकमेकींना सांगतात की आपल्याला चेहरे आठवत नाहीत, आवाज आठवतात. एकदा ऐकलेला आवाज दहा वर्षांनी ओळखणारी एक आहे म्हणून बायकोनेच घरी सांगितलं होतं. ती हीच असली तर? म्हणून त्याने बोलायचंच नाही असं ठरवलं. घशाला हात लावून, बसलाय, अशी खूण केली.

"घसा बसला? गरम पाणी देऊ? का चहाच?"

"चहा," तो कसाबसा घोगरा म्हणाला, आणि मग बोटाने मागच्या टेबलावरच्या जाड पुस्तकाकडे दाखवलं. "आम्ही जाणार आहोत. डोंगराकडून."

"हो, बाई बोलल्या. बघा की. नशीबवान आहात, त्यांच्या डोक्यातच सगळं पुस्तक आहे." तिने पुस्तक ओढून बरोबर तो रस्ता काढून दिला. पानांना तेलकट बोटांचे डाग होते. पिवळी भिंत. तुटका पूल, डावीकडे. भट्टी असलेलं घर, पाव सातच्या आत. आणि वरून पाचवी ओळ: 'तीव्र वळण, उजवीकडे नळ. पाणी गार. दरीत ढगाची सावली.'

अक्षर बायकोचं होतं. किराण्याच्या यादीवरचं, फ्रीजवर लावलेल्या चिठ्ठ्यांवरचं, बारा वर्षं रोज बघितलेलं.

"हा नळ," त्याने बोट ठेवलं. आवाज आपोआपच घोगरा झाला होता.

"तो होय," चष्मेवाली खुशीत आली. "तो फोन मी घेतलाय. विसरणं शक्यच नाही. आमच्या इथे माणूस रडत फोन करतो, शिव्या देत करतो, काही प्यालेले असतात. हा हसत होता. गाडी बंद, बाजूला दरी, आणि हा मला पाण्याचं कौतुक सांगतोय. आमच्या चिठ्ठीवर एक रकाना असतो, 'चालकाची अवस्था'. घाबरलेला, जखमी, नशेत, असं लिहायचं असतं. मी लिहिलं, 'खुशीत'. साहेबांनी बोलावून झापलं."

"चिठ्ठी आहे ती?"

"वर्षभर ठेवतो, मग फाडतो. खुणा तेवढ्या पुस्तकात चढवतो. त्या वर्षीच्या खुणा बाईंनीच चढवल्या की. आई गेल्यावर त्या परत रुजू झाल्या ना, तेव्हा पहिला आठवडा फोन नको म्हणून त्यांना चिठ्ठ्या दिल्या होत्या." ती थांबली. मान वाकडी करून त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुमचा आवाज ऐकलाय हो मी कुठेतरी."

तो खोकला. चांगला लांबलचक खोकला, आणि चहा तसाच ठेवून निघाला. ती निर्दोष लिफ्ट सोडून जिन्याने उतरला.

म्हणजे चार वर्षं. आईला पोचवून आल्यावर, पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने ऑफिसात बसून, तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला असेल. वरच्या ओळीत गाडीचा नंबर. तो नंबर तिला पाठ होता. तारीख तर कुणालाही पाठ असेल, त्या तारखेला आई पडली होती. खाली 'खुशीत'. आणि तिने आरडाओरडा न करता, चिठ्ठी न लपवता, न फाडता, त्यातलं नळाचं, पाण्याचं आणि ढगाच्या सावलीचं नीट सुवाच्य अक्षरात पुस्तकात उतरवलं आणि संध्याकाळी घरी येऊन विचारलं असेल, जेवायला काय करू. रस्त्यावरून चालताना तो त्या चार वर्षांतली एकेक संध्याकाळ उलटी करून बघू लागला. ती हसली होती तेव्हा काय होतं? त्याच्या वाढदिवसाला स्वेटर विणला तेव्हा? प्रत्येक स्वेटराला आता आतली बाजू होती. आणि ही सफर? इतके रस्ते पाठ असलेल्या बाईने पाच दिवस, चार रात्री, नेमक्या त्याच वळणावरून आखल्या. का? तिथे नेऊन तोंडावर विचारायला? की तिथे नेऊन काहीच न विचारता त्याच्याकडे बघत राहायला? चमच्याचा तिसरा प्रकार असायचा, ज्याला मोजमाप नव्हतं. त्याला बायकोची भीती वाटत आहे, हे त्याला एका चपलांच्या दुकानासमोर कळलं आणि तो तिथे बराच वेळ चपला बघत उभा राहिला.

पुढच्या रविवारी दुपारी तंबू ठोकून बघायचा होता. इमारतीच्या गच्चीवर, कारण खाली मोकळी जागा नाही. गच्चीच्या फरशीत खुंट्या कशा मारणार, म्हणून मेहुण्याने विटांना दोऱ्या बांधल्या, आणि चार विटा कमी पडल्या म्हणून तो खाली शोधायला गेला. तंबू जुना होता, नारिंगी. आत उन्हाचा रंग बदलून सगळं शिजल्यासारखं दिसत होतं, बायकोचे हात, तिची साडी, मधे पसरलेला नकाशा. आत वाकूनच बसावं लागत होतं. तिचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागत होता.

"दुसरी रात्र कुठे काढायची ते तू सांग," ती म्हणाली. "बाकी सगळं भरलंय. ती मी रिकामी ठेवलीय."

त्याने नकाशाकडे बघितलं. कुठेही बोट ठेवता आलं असतं. नदी होती, पठार होतं, जंगल होतं. प्रत्येक नावामागे ती उभी होती.

"तुला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"नळाचं."

"नळ पुस्तकात आहे."

"पुस्तकात तू लिहिलंस."

तिने मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "तरीच. म्हणून लिफ्ट तपासलीस होय. तिची तारीख अजून दोन महिन्यांनी होती. आमची चष्मेवाली म्हणाली, बाई, मिस्टरांना घशाचं दाखवा."

त्याला हसू आलं असतं. आलं नाही. "मग चार वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलू? कुणी बाई असती तर केस धरले असते तिचे. तू एकटा. पाण्यावर कुणी भांडतं का?" तिने नकाशाची एक घडी बोटाने सरळ केली. "पहिलं वर्ष वाट बघितली. म्हटलं, सांगेल. मग म्हटलं, विसरला असेल. मग माझीच सवय झाली. रोज फोन घेते ना मी. इतकी माणसं बोलतात, रोज बोलतात. त्या रकान्यात मी आजपर्यंत कुणापुढे 'खुशीत' लिहिलेलं नाही."

"मला तिथे नेऊन काय करणार आहेस?"

"काय करणार? कॅन भरणार."

"खरं सांग."

"तू सांग," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "एकच सांग. झोपला होतास? त्या दोन रात्री?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. मन खात होतं, डोळा लागला नाही, तुझीच आठवण. अशी वाक्यं पुन्हा दारात रांग लावून उभी राहिली होती आणि या वेळी ती सगळीच त्याला सभ्य वाटली. ती ऐकत होती. तिचा चेहरा नव्हता ऐकत, कान ऐकत होता.

"हो," तो म्हणाला. "मेल्यासारखा झोपलो. दोन्ही रात्री."

तिने मान हलवली. राग नव्हता त्यात, समाधानही नव्हतं. कुणीतरी पत्ता सांगितला की ती अशी मान हलवत असावी. "हं," ती म्हणाली. "मग तसं करू. चारही रात्री मी झोपणार. तू जागं राहायचंस."

"चारही?"

"आठ महिने होते. तरी चारच म्हणतेय."

"आणि दिवसा गाडी कोण चालवणार? मी पेंगेन."

"मी चालवीन. मला रस्ते पाठ आहेत. तू बाजूला बसून पेंग. फक्त रात्री नाही."

"थट्टा करतेयस."

"बघ की," ती म्हणाली, आणि नकाशा तसाच मधे ठेवून, उशाला हात घेऊन, तंबूच्या जाड कापडावर कुशीवर आडवी झाली. दुपारचे साडेचार वाजले होते. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिने डोळे मिटले. तो तसाच बसून राहिला, मान वाकवून, हात कुठे ठेवावे ते न कळून. जिन्यावर पावलं वाजली आणि तंबूच्या तोंडाशी मेहुण्याचं डोकं आलं.

"दाजी, दोनच मिळाल्या, चालतील का..."

त्याने हात वर केला. मेहुण्याने आत बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि विटा अगदी सावकाश खाली ठेवल्या. तिचा श्वास एका लयीत चालला होता. फार एका लयीत. झोपलेल्या माणसाचा श्वास मधे कुठेतरी अडखळतो, सुस्कारतो. हा तसा नव्हता, की होता? तो हळूच पुढे वाकला. पापण्यांखाली काही हलतंय का ते त्याला बघायचं होतं.

"माझ्याकडे बघू नकोस," ती डोळे न उघडता म्हणाली. "बाहेर बघ."

तो बाहेर बघू लागला. बाहेर तीन टाक्या होत्या, वाळत घातलेली कुणाची तरी एक चादर होती, आणि मेहुणा चपला हातात घेऊन जिन्याकडे चालला होता.